अझेलियाची माती

“तुम्हीच पाहा जी. मी नाही हात लावत आता त्याले.”

शारदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून पुढे यायला तयार नव्हत्या. श्यामकांत ठवकर अंगणात पेरूच्या सावलीत उकिडवे बसले होते. चष्मा कपाळावर चढवून ते कुंडीतल्या झाडाचं एकेक पान उलटं करून बघत होते. शिरा तेवढ्या हिरव्या होत्या, बाकीचं पान हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं. फांद्यांच्या टोकांना मात्र कळ्या धरल्या होत्या, बारीक आणि घट्ट मिटलेल्या. झाड आजारी असलं तरी फुलायचं विसरलं नव्हतं.

“थंडीनं होत असन,” श्यामकांत म्हणाले.

“थंडीनं? ते झाडच थंड पहाडातलं. रायपूरच्या थंडीत तर ते मजेत राहायले पाहिजे.” शारदाबाईंनी पदराला हात पुसले, ते कोरडे होते तरी. “दिवाळीत तुम्ही तापानं पडले होते तवा मी बोरचं पाणी घातलं त्याले. तेच नडलं. माह्या हातचं काहीच जगत नाही.”

शेवटचं वाक्य झाडाबद्दल नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. श्यामकांतांनी गळलेली पानं गोळा केली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. गळलेलं पान टाकून देण्याचीही त्यांची छाती होत नसे.

झाड अझेलियाचं. बारा महिने हिरवं राहणारं, पहाडी, नखरेल झुडूप. रायपूरच्या गुढियारी वस्तीत त्याचं नाव सरळ घेता येणारी माणसं दोनच, आणि ती दोघंही या घरातली. शेजारच्या शांताबाई त्याला ‘अंजलिया’ म्हणत. तिसरी नाव घेणारी होती ती त्यांची मुलगी, स्नेहल. तिनंच ते पाठवलेलं. बागशास्त्र शिकून ती दार्जिलिंगच्या खालच्या अंगाला एका फुलांच्या नर्सरीत नोकरीला लागली होती. एवढ्या लांब कशाला, म्हणून शारदाबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिच्यासाठी स्वेटर आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या.

श्यामकांत रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. आयुष्यभर लोकांच्या पेट्या, सायकली, आंब्यांच्या करंड्या त्यांनी इकडून तिकडे पाठवल्या. स्वतःच्या नावानं पार्सल आलं ते एकदाच, निवृत्तीच्या अगदी तोंडावर. बांबूची टोपली, आत ओल्या शेवाळात गुंडाळलेलं वीतभर झाड आणि शेजारी पाइनच्या सुयांनी भरलेलं पोतं. सगळ्या ऑफिसनं त्या टोपलीभोवती घोळका केला. “ठवकर भैया, पोरीनं बापाला गवत पाठवलं!” म्हणून टिंगलही झाली. श्यामकांतांनी ती टोपली मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आणली, आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्यापाशी “हळू रे बाबा, हळू” म्हणून भंडावून सोडलं.

मग स्नेहलची शिकवणी सुरू झाली. रोज व्हिडिओ कॉल, रोज नवा फतवा.

“पप्पा, हे आंबटशौकीन झाड हाय. याले आंबट माती पाहिजे. घरची काळी माती बिलकुल नोको. नवा रायपूरकडे ती लाल, मुरमाड भाट्याची जमीन हाय ना, तिथली आणा. त्यात साल झाडाच्या पानांचं कुजलेलं खत मिळवा. वरून पाइनच्या सुया पसरून ठेवा. मुळं वरवरच असतात त्याची, खुरपं घालून उकरायचं नाही.”

“आणि पाणी?”

“पावसाचं. बोरचं नोको, त्यात चुना असते. चुना नोको, राख नोको, अंड्याची टरफलं नोको. आई, तू ऐकून राहिली ना? तुले सवय हाय तुळशीत काही काही टाकायची.”

“ऐकली बाई,” शारदाबाई आतून म्हणायच्या. “तुह्या झाडापेक्षा जावई सांभाळणं सोपं.”

श्यामकांतांनी हे व्रतच घेतलं. नवा रायपूर या नव्या राजधानीच्या रुंद, मोकळ्या रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून त्यांनी लाल माती खणली तेव्हा एका चौकीदारानं त्यांना हटकलं होतं. “माती चोरून राहिलो,” असं त्यांनी त्याला इतक्या सरळपणे सांगितलं, की तो बिचारा हसून निघून गेला. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लागलं. उन्हाळ्यात पिंप आटलं, की समता कॉलनीतल्या एका दवाखान्यामागे एसीचं ठिबकणारं पाणी ते कॅनमध्ये धरून आणत. कुंडीवर हिरवी जाळी, कुंडीभोवती ओलं पोतं. तळहाताच्या फोडासारखं जपलं त्यांनी ते झाड. “इतकं माह्या बाळंतपणात जपलं असतं तर,” असा टोमणा शारदाबाईंनी मारला, पण दुपारी पोतं वाळलं, की गुपचूप पाणी शिंपडणाऱ्या त्याच.

पुढच्या फेब्रुवारीत ते फुललं. राणी रंगाची फुलं, अशी दाट की खाली पान दिसेना. सगळा मोहल्ला बघायला लोटला. “हव दीदी, ये तो फूलेच फूल हे!” म्हणत शांताबाईंनी कडाकडा बोटं मोडली. स्नेहल पलीकडून पडद्यावर बघत होती आणि ओरडत होती, “आई, फुलं तोडून देवाले वाहू नोको हं!” शारदाबाईंनी एक आधीच वाहिलं होतं.

त्याच वर्षीच्या जुलैत, पावसानं खचलेल्या घाटरस्त्यावरून स्नेहलची जीप दरीत गेली.

फोन आला तेव्हा शारदाबाईंचं ब्लडप्रेशर इतकं वाढलं, की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. श्यामकांत पुतण्याला, गौतमला, घेऊन गेले. तिकडच्या लोकांनी आणि गौतमनं मिळून ठरवलं, की अग्नी सिलिगुडीलाच द्यायचा. रस्ते बंद होते, उशीर झाला असता, असं शारदाबाईंना सांगितलं गेलं. चेहरा आईला दाखवण्यासारखा राहिला नव्हता, हे श्यामकांतांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. ते परत आले ते लाल फडक्यात बांधलेलं मडकं घेऊन. अस्थी घरात आणत नाहीत. दारासमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला मडकं टांगलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते राजिमच्या संगमावर न्यायचं ठरलं.

“मले येऊ द्या,” शारदाबाई म्हणाल्या होत्या.

“बाया नाही जात, वहिनी,” कोणीतरी म्हणालं. त्या रात्रभर खिडकीत बसून राहिल्या, लिंबाच्या फांदीकडे बघत. पहाटे त्यांचा डोळा लागला. जागं होऊन बघतात तो फांदी मोकळी होती. पुरुष निघून गेले होते.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं. “मले पाहू नाही देलं. माह्या पोट्टीले मले पाहू नाही देलं.” श्यामकांत रोज सकाळी चहा घेऊन कुंडीपाशी जाऊन बसत, झाडाशी बोलत.

आता डिसेंबर होता, आणि झाड पिवळं पडत होतं.

शेवटी शारदाबाईंनीच सोनियाला फोन लावला. सोनिया ही स्नेहलची नर्सरीतली मैत्रीण, एका खोलीत राहणारी. अजूनही महिन्याकाठी फोन करायची, ‘आंटी, खाना खाया?’ म्हणून विचारायची. श्यामकांतांनी मोबाइल पानांजवळ धरला.

“अंकल, थोड़ा और पास. हाँ. अरे, ये तो बहुत पीला हो गया.”

“बेटा, मैंने बोर का पानी दिया था,” शारदाबाई लांबून म्हणाल्या. “एकच बाल्टी. मेरे कारण हुआ.”

“नहीं आंटी, एक बार के पानी से इतना नहीं होता. ये तो मिट्टी बिगड़ी है. किसी ने चूना डाला? या राख?”

“राख कौन डालेगा? स्नेहल ने तो पहलेच मना किया था.”

“अंकल, आपने?”

“नाही बेटा. बिलकुल नाही,” श्यामकांत म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

सोनियानं उपाय सांगितला. सगळी माती काढून टाकायची. मुळं पावसाच्या पाण्यात धुऊन मोकळी करायची, जुन्या मातीचा कणही ठेवायचा नाही. नवी लाल माती, नवं पालापाचोळ्याचं खत. पाइनच्या सुया ती पाठवणार होती. “और आंटी, कलियाँ तोड़नी पड़ेंगी. सारी. इस साल फूल लिया तो पौधा नहीं बचेगा.” मग हळूच म्हणाली, “वैसे भी बचेगा कि नहीं, मैं नहीं बोल सकती.”

श्यामकांत दुपारीच पोतं घेऊन निघाले. रस्त्याची ती कडा, ती लाल जमीन. त्यांनी कुदळीनं माती सैल केली आणि दोन्ही हातांनी उचलली. ओंजळ भरली आणि हात तिथंच थांबले.

राजिमला निघायच्या आधी, अंधारात, त्यांनी लिंबाखाली उभं राहून लाल फडकं सोडलं होतं. ओंजळभर काढून घेतलं होतं. का, ते त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं. सगळीच्या सगळी पोर पाण्यात सोडून यायची, एवढी ताकद नव्हती, बस. ओंजळ घेऊन ते अंगणात आले, अझेलियाच्या सुया बाजूला सारल्या, आणि ते सगळं मातीत मिसळून सुया परत नीट पसरल्या. मग हात धुतले.

राख, सोनिया म्हणाली होती. राख नोको पप्पा, स्नेहल म्हणाली होती, आणि त्यांना ते पाठ होतं. त्या पहाटे त्यांच्या ओंजळीत जे होतं त्याला राख म्हणतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती स्नेहल होती.

श्यामकांत रस्त्याच्या कडेला मातीतच बसले आणि मोठ्यानं रडले. सिलिगुडीलाही ते असे रडले नव्हते. तिथं कागद होते, लाकडं होती, गौतम होता. इथं कोणी नव्हतं, आणि पोरीचं झाड पोरीनंच जाळत आणलं होतं, ते त्यांच्या हातून.

मातीचं पोतं घरी आलं आणि कोपऱ्यात पडून राहिलं. “ओली हाय अजून,” ते सांगत. मग “खत नीट कुजलं नाही,” मग “आज अमावस्या हाय.” बाईंना नवल वाटलं. एरवी या झाडासाठी दवाखान्यामागे कॅन घेऊन उभा राहणारा माणूस आता चालढकल का करतो? झाड रोज चार पानं टाकत होतं. आणि शारदाबाई रोज स्वतःला दोष देत होत्या. मार्गशीर्षातले गुरुवार होते. त्यांनी निरंकार उपास धरला.

“काहून उपाशी मरून राहिली? सोनियानं सांगतलं ना, तुह्या पाण्यानं नाही झालं.”

“मंग कशानं झालं? तुम्ही टाकलं नाही, मी टाकलं नाही. माह्या जवळ जाण्यानंच होते. मी गेली की पान गळते. तुम्ही पाहून राहिले ना, मी दारातून पुढे पाऊल टाकत नाही आता? तिचं तेवढं तरी राहू द्या.”

श्यामकांतांनी ताट बाजूला सारलं. सांगावं तर ही बाई काय करील, ठाऊक नव्हतं. जिला लेकीचं तोंडही बघू दिलं नाही, तिला सांगायचं, की ओंजळभर लेक मी चोरून ठेवली? आणि आता ती माती काढून फेकायची आहे? न सांगावं, तर झाड जातं. दोन्हीकडून मरण त्यांचंच होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी शारदाबाई शांताबाईंकडे हळदीकुंकवाला गेल्या. श्यामकांतांनी दार लोटलं आणि कुंडी आडवी केली. बाई यायच्या आत उरकून टाकायचं, माती गोणीत भरून कुठंतरी ठेवायची, पुढचं पुढं बघू. कुंडीच्या कडेला थापा मारल्या तसा मुळांचा गोळा अलगद बाहेर आला. केसांसारखी बारीक मुळं, कडेची काळी पडलेली. आणि मध्ये, लाल मातीत, करड्या रंगाचा एक थर.

शारदाबाई परत आल्या तेव्हा ते फरशीवर बसलेले होते, झाड मांडीवर, धोतरभर माती.

“सापडला एकदाचा मुहूर्त म्हनायचा!” बाई दारातून म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं. “काय झालं?”

“शारदे, राख मी टाकली.”

“कोनती राख?”

त्यांनी त्या करड्या थराकडे बोट दाखवलं. सांगायचे शब्द जमवून ठेवले होते ते एकही आले नाहीत. “राजिमले सगळं नाही सोडलं मी. ओंजळभर ठेवलं. इथं.”

शारदाबाई उभ्याच राहिल्या. हळदीकुंकवाचं वाण, दोन बोरं आणि एक सुपारी, हातातच होतं. श्यामकांत वाट बघत होते, की त्या ओरडतील, कपाळ बडवून घेतील.

“म्हंजे ती घरात होती,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“एवढे दिवस.”

“हो.”

“तुम्ही रोज सकाळी चहा घेऊन तिच्यापाशी बसत होते. गोष्टी सांगत होते.” आवाज चढला नाही, पण तो ऐकवत नव्हता. “आणि मी दारात उभी राहत होती. माह्या हातानं झाड मरते म्हनून दूर राहत होती मी तिच्यापासून. तुमच्या डोळ्यासमोर. तुम्हाले एकदाही सांगावंसं नाही वाटलं?”

“भेव लागला.”

“मी काय केलं असतं जी? मी फक्त बसली असती तिच्याजवळ.”

श्यामकांतांना मान वर करता आली नाही.

बाई आत गेल्या. आता त्या बाहेर येणार नाहीत, असंच त्यांना वाटलं. पण त्या आल्या, साडी खोचून, हातात परात आणि पाट. पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले, पायांखाली परात सरकवली. “द्या इकडे.” तान्ह्या पोराला न्हाऊ घालायला घेतात तसं त्यांनी झाड नडग्यांवर आडवं घेतलं. “पिंपातलं पाणी आणा. बोरचं नोको.”

श्यामकांत तांब्यातांब्यानं पाणी सोडत राहिले. शारदाबाई बोटांनी मुळं मोकळी करत होत्या, एकेक केस सोडवावा तशी. पाणी लाल आलं, मग करडं, मग पुन्हा लाल. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. श्यामकांतांनी कान दिला. “झालं, झालं. डोळे मिट. झालं माय,” असं त्या म्हणत होत्या. स्नेहल लहान असताना डोक्यावर पाणी घातलं, की किंचाळायची. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला.

पाणी नितळ येईपर्यंत बाई थांबल्या नाहीत. मग नवी माती, नवी कुंडी. झाड उभं राहिलं, ओकंबोकं आणि आधीपेक्षा लहान. राहिल्या होत्या कळ्या.

“मी करतो,” श्यामकांत म्हणाले.

“नाही. मीच.” त्यांनी एकेक कळी नखानं खुडली. काहींच्या टोकाला राणी रंग आत्ताच दिसायला लागला होता. खुडलेल्या कळ्या त्यांनी परातीतल्या गाळात ठेवल्या. एकही देवाकडे नेली नाही.

सकाळी दोघं बसनं राजिमला गेले. गाळ स्वच्छ पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधलेला, धुण्याचं पाणी दुधाच्या कॅनमध्ये. कॅन शारदाबाईंनी मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा ना अम्मा. त्यांनी ऐकलं नाही. श्यामकांत खिडकीबाहेर बघत होते. भाताची खळी, धुकं, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरी.

संगमावर पाणी थोडं होतं. वाळूतून बरंच चालावं लागलं. एक पंडा मागं लागला, कोण, काय, गोत्र कोणतं विचारत. “आमचं आम्ही करतो, महाराज,” शारदाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं, की तो मुकाट्यानं वळला.

त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या. आधी कॅन रिकामा केला, पाण्यात बुडवून, खळबळून. मग कापडाची गाठ सोडली. लाल माती पाण्यात पसरली आणि ढगासारखी पुढे गेली. कळ्या मात्र तरंगत राहिल्या, वळणापर्यंत दिसत होत्या. बाईंनी कापड उलटं करून झाडलं, पिळलं, पुन्हा झाडलं. त्यांना रडू येईल असं श्यामकांतांना वाटलं होतं, पण बाई रडल्या नाहीत. कामाला आल्यासारख्या त्या काम करत होत्या.

सगळं झालं तरी त्या पाण्याबाहेर आल्या नाहीत. श्यामकांत काठावर उभे होते.

“इकडे या,” त्या म्हणाल्या. ते उतरले.

“हात दाखवा.”

त्यांनी उजवा हात पुढे केला. शारदाबाईंनी तो उघडून पाहिला, उलटा करून पाहिला. नखांत माती अडकली होती, ती त्यांनी स्वतःच्या नखानं एकेक बोट धरून काढली आणि पाण्यात धुतली.

“तो पण.”

त्यांनी डावा हात उघडला.